नाट्यशिक्षणाचा जमाखर्च



स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याने काय बोलावे याविषयी आपल्याकडे एक अलिखित रिवाज आहे, आणि त्या रिवाजाबरहुकूम मी आता चारित्र्य, परिश्रम व राष्ट्रसेवा या तिहींचा महिमा सांगून खाली बसलो तर कोणाचीच तक्रार असणार नाही. मागच्या रांगांतील मंडळींना तर विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम तेवढा लवकर सुरू झाला म्हणून आनंदच होईल. परंतु आपल्या प्राचार्यांनी चहाच्या वेळी, बोलण्याच्या ओघात, मला अशी वार्ता सांगितली की, एकांकिका स्पर्धेत यंदा पारितोषिक मिळवून आलेल्या चमूपैकी दोघातिघांनी नाट्यविद्यालयांच्या प्रवेशाची चौकशी चालविली आहे आणि त्यावरून एकदोन घरांत मोठा वाद उभा राहिला आहे. हा वाद मिटविण्याचे वकीलपत्र मी कोणाच्याही वतीने घेत नाही. मात्र आयुष्याचा बराच काळ तालमीच्या हॉलमध्ये, आणि पुढे काही वर्षे नाट्यविभागांच्या निवडसमित्यांवर घालविल्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. तेव्हा आज त्याच विषयावर बोलण्याची मुभा असावी.

पालकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो मुळीच पोकळ नाही. ज्या महाराष्ट्रात विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, ज्या महाराष्ट्रात १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेल्या नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या मुलाने पुढे बालगंधर्व म्हणून अवघा मुलुख वेडा केला, आणि ज्या महाराष्ट्रात श्रीराम लागू नावाच्या कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाने चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली, चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ नटाचा पेशा पत्करला व पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर उभा केला, त्या महाराष्ट्रात अभिनयासाठी विद्यापीठाची सनद कशाला हवी, असे हे पालक विचारतात. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. निळू फुले तर माळीकाम करीत होते. ही नामावळी ऐकली की, मराठी रंगभूमीला नाट्यशास्त्रापेक्षा वैद्यकाचीच पदवी अधिक लाभली असे कोणासही वाटावे!

नामावळी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ही माणसे अशिक्षित नट नव्हती. त्यांचे शिक्षण जेथे झाले त्या ठिकाणाला शाळा म्हणण्याची आपली पद्धत नव्हती, एवढेच. नाटक मंडळीत दाखल झालेला पोरगा मंडळीच्या पंक्तीला जेवत असे, मंडळीच्या बिऱ्हाडी झोपत असे, तालीममास्तरांची बोलणी खात असे आणि विंगेत उभा राहून बड्या नटाची भूमिका रोज कानांत साठवीत असे. बोलपटांच्या आगमनानंतर मंडळ्या मोडत गेल्या, तशी ही उमेदवारीही मोडली. तिची जागा हौशी संस्थांनी घेतली. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा आणि १९६३ पासून पुण्यातील महाविद्यालयांचा पुरुषोत्तम करंडक यांच्या निमित्ताने, दिवसा नोकरी, व्यवसाय किंवा अभ्यास करून रात्री तालमीला हजर राहण्याची एक शिस्तच महाराष्ट्रात निर्माण झाली, आणि ज्या डॉक्टरांची नावे आपण कौतुकाने घेतो ते सारे हौशी रंगभूमीच्या या शिस्तीत घडलेले आहेत. एवढेच नव्हे, तर १९६० साली मुंबईत 'रंगायन' उभारून एका पिढीला घडविणाऱ्या विजया मेहता या स्वतः इब्राहिम अल्काझींपाशी शिकल्या होत्या, आणि अल्काझी, ज्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमधून रीतसर शिकून आलेले होते. ज्यांनी नाट्यशाळेचे तोंडही पाहिले नाही अशा कितीतरी नटांपर्यंत नाट्यशाळा या मार्गाने, गुरुमुखाने, येऊन पोहोचलेली होती.

म्हणून मुलाने नाट्यविद्यालयात जावे की नाही, या प्रश्नाआधी त्याच्या गावात अशी हौशी नाट्यसंस्था आहे काय, हा प्रश्न विचारावयास हवा. पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढणाऱ्या मुलाला सायकलच्या अंतरावर दोन संस्थांच्या तालमी आणि तीन नाट्यगृहे असतात. त्याने पदवी घेतली नाही तरी फारसे अडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या गावी, जेथे वर्षाकाठी एखाद्या नाटकाचा दौरा येतो आणि तोही मंगल कार्यालयात होतो, तेथील मुलाची गोष्ट वेगळी. त्याला जे हवे आहे ते विकत मिळत नाही: वेळ, जागा, जाणता शिक्षक, आणि आपल्याइतकीच वेडी अशी बरोबरीची माणसे. नाट्यशास्त्राची पदवी या चार गोष्टी एका छपराखाली तीन वर्षे देते. तिचे मोल मी यातच पाहतो. मागाहून मिळणाऱ्या कागदाचे मोल यापुढे किरकोळ आहे.

घरोघरच्या वादात आणखी एक वाक्य हमखास ऐकू येते: 'आधी ग्रॅज्युएट हो, मग काय ते नाटक कर.' हे वाक्य मुलांना जुलमी फर्मानासारखे वाटते. परंतु १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाची प्रवेशाची अटच मुळी अशी आहे की, उमेदवार कोणत्याही शाखेचा का होईना, पदवीधर असावा, त्याने काही नाटकांतून प्रत्यक्ष काम केलेले असावे आणि हिंदी व इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान त्यास असावे. वडील आणि विद्यालय एकच गोष्ट सांगत आहेत, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही! गंमत अशी की, अभिनयाच्या शिक्षणात देशातील सर्वांत मानाची समजली जाणारी ती तीन वर्षांची सनद पदवी नसून पदविका आहे. बारावीनंतर लगेच या वाटेने जावयाचे असल्यास पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा जुना नाट्यविभाग आहे. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. नियम दरसाल बदलतात, ते त्या त्या दप्तरातून मागवून घ्यावेत.

आता प्रवेशपरीक्षेविषयी. बहुतेक ठिकाणी उमेदवारास भिन्न प्रकृतीचे दोन उतारे पाठ करून सादर करावयाचे असतात, थोडे गाणे, थोडी शारीरिक हालचाल, आणि मग प्रश्नोत्तरे. दिल्लीच्या विद्यालयात तर प्राथमिक चाळणीतून उतरलेल्यांना काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावून घेऊन त्यांतून अखेरची निवड होते. मराठी उमेदवारांचे उतारे कोणते असणार हे आम्ही समितीवाले चहा पिता पिता सांगू शकतो. अजून दाढी नीट न फुटलेला तरुण येतो आणि 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर होऊन आमच्यापुढे निवाऱ्याची याचना करतो. त्याच्यामागून येणारी मुलगी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील बेणारेबाईंचे अखेरचे स्वगत घेऊन येते. नाटके थोर आहेत याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या भूमिकेचे वय, दुःख आणि पराभव यांतले काहीच अद्याप आपल्या वाट्याला आलेले नाही, ती निवडली की उमेदवार नटाची नक्कल करू लागतो, आणि समितीला मूळ नट पुरेसा ठाऊक असतो.

एका परीक्षेतील प्रसंग सांगतो. उमेदवार असाच तयारीचा होता. स्वर भरदार, हात ठरल्या शब्दावर उचलले जात होते, डोळ्यांत पाणीही वेळेवर आले. उतारा संपल्यावर आमच्यापैकी एक वडीलधाऱ्या बाई उठल्या, कोपऱ्यातील मोठी सतरंजी त्यांनी त्याच्या पायांशी ओढून आणली आणि म्हणाल्या, "हेच पुन्हा बोल बाळ, पण बोलता बोलता ही सतरंजी घडी करून ठेव, आणि आमच्याकडे बघू नकोस, त्या दाराशी बसलेल्या मामांना सांग. त्यांना घरी जायचंय, ते ऐकणार नाहीत." दाराशी बसलेले शिपाईमामा दचकलेच. मुलाने पहिले वाक्य नेहमीच्या थाटात उच्चारले आणि सतरंजीचे एक टोक उचलले. ती एकट्याने घडी होईना, टोके जुळेनात, वाक्य मध्येच तुटले. तो थांबला. त्याची ती तारांबळ पाहून मामा, परीक्षा चालली आहे हे विसरून, सवयीने उठले आणि त्यांनी दुसरे टोक धरले. तेव्हा त्या मुलाने, टोके जुळविता जुळविता, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत, पुढचे वाक्य इतक्या हलक्या आवाजात म्हटले की, आम्हांला पुढे वाकून ऐकावे लागले. पहिल्या खेपेस त्या वाक्यावर त्याला टाळी हवी होती; दुसऱ्या खेपेस उत्तर हवे होते. त्याची निवड झाली.

समिती तयार नट शोधीत नाही, कारण तयार नटाला तीन वर्षे शिकवावयाचे काय? सांगितलेले ऐकून क्षणात बदलू शकणारा आणि समोरच्या माणसाकडे खरोखर पाहू शकणारा उमेदवार तिला हवा असतो. याउपर जागा मोजक्या असतात, वर्गात निरनिराळ्या वयाचे, आवाजाचे आणि भाषांचे विद्यार्थी लागतात. तेव्हा नकार आला तर तो गुणवत्तेचा निवाडा समजून कोणी रडत बसू नये.

प्रवेश मिळाल्यावर अभिनय शिकावयास आलेल्या मुलाची पहिली निराशा अशी होते की, त्याला अभिनय सोडून सारे काही शिकविले जाते: सुतारकाम, नेपथ्याचा आराखडा, दिव्यांची मांडणी, रंगभूषा, वेशभूषेचे कापड बेतणे, भरतमुनी आणि स्टॅनिस्लाव्हस्की यांचे वाचन. मला विचाराल तर मुले ज्या विषयांसाठी आलेली नसतात त्यांतच या शिक्षणाचा अर्धा अर्क असतो; पुढे भूमिका मिळत नाहीत अशा वर्षांत याच विषयांनी किती जणांच्या घरी चूल पेटती ठेवली आहे, ते मी पाहिले आहे. दिल्लीहून १९७४ साली शिकून बाहेर पडलेल्या रोहिणी हट्टंगडी पुढे 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा झाल्या, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु प्रत्येक वर्गातून एक कस्तुरबा निघत नाही, आणि जे निघतात त्यांत प्रकाशयोजनाकार, दिग्दर्शक, नाट्यशिक्षक व बालनाट्य शिबिरे चालविणारे हेही असतात. बरोबरीच्या माणसांचे महत्त्व तर सांगावयासच नको. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी हे दिल्लीच्या विद्यालयातील सहाध्यायी होते, आणि पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही दोघे शिकले.

बाजारात मात्र ही पदवी कोणी विचारीत नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. मालिकेच्या ऑडिशनला कॅमेऱ्यापुढे नाव, वय, उंची सांगावयाची, उजवा आणि डावा चेहरा दाखवावयाचा, आणि हाती दिलेला अर्ध्या पानाचा प्रवेश म्हणावयाचा. हल्ली तर हे सारे घरीच मोबाइलवर चित्रित करून पाठवितात. व्यावसायिक नाटकात नटाला 'नाइट' मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, न झाला तर नाही. आणि ती ठरविताना कोणता निर्माता गुणपत्रिका पाहतो?

म्हणूनच किमतीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जे शिक्षण उत्पन्नाची हमी देत नाही त्यासाठी कर्ज काढू नये, हा माझा पक्का अभिप्राय आहे. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांची मुले आपल्या सादरीकरणाची चित्रफीत आधी पाठवून, मग न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरी एकाच मोसमात अनेक विद्यापीठांच्या परीक्षा देतात, आणि चार वर्षांच्या शुल्कापायी कर्जाचा डोंगर घेऊन बाहेर पडतात. हा बोजा पदवीधर नटाला रंगभूमीपासूनच दूर लोटतो, ही गोष्ट तेथील धुरीणांनाही उमगली, आणि २०२१ साली येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाने, डेव्हिड गेफन यांच्या पंधरा कोटी डॉलर्सच्या देणगीच्या आधारे, आपल्या विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्कच रद्द केले. आपल्याकडे दिल्लीचे विद्यालय विद्यार्थ्याकडून मोठे शुल्क घेण्याऐवजी त्यालाच शिष्यवृत्ती देते, आणि सरकारी विद्यापीठांतील विभागांचा खर्चही मध्यम स्थितीच्या कुटुंबाला झेपण्यासारखा असतो. मोठ्या शहरांतून हल्ली जी लाखो रुपये शुल्काची खासगी अभिनयकेंद्रे निघाली आहेत, त्यांच्या भिंतींवर नामांकित नटांची छायाचित्रे लटकलेली असतात; त्यांपैकी किती जण तेथे शिकले आणि किती जण केवळ दीपप्रज्वलनाला आले, एवढी चौकशी पालकांनी केल्यावाचून शेताचा तुकडा किंवा घरातील सोने यांना हात लावू नये.

अर्जाविषयी एक किरकोळ सूचना करून आपली रजा घेतो. 'यापूर्वी केलेली कामे' असा एक रकाना त्यात असतो, आणि मुले त्यात केवळ नायकाच्या भूमिका लिहितात. पडदा ओढला असेल, प्रॉम्प्टिंग केले असेल, गणेशोत्सवातील नाटकासाठी शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणल्या असतील, तर तेही निःसंकोच लिहावे. समितीवर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी सुरुवात तेथूनच केलेली असते, आणि प्रश्नोत्तरांचा निम्मा वेळ मग त्यावरच जातो. आता पारितोषिकांची यादी लांब आहे, आणि विंगेत रंग लावून उभ्या असलेल्या मुलांना घाम फुटू लागला आहे.