आटवलेलं दूध : किती टिकतं, कधी टाकावं



आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. खासबागेचं कुस्तीचं मैदान जवळच, त्यामुळं दुधाचं महत्त्व आमच्या पेठेला कुणी शिकवायला नको. तरी याच पेठेत, आमच्याच घरात, एकदा दुधानं तिघांना आडवं केलं. तिथूनच सुरुवात करते.

एप्रिल महिना होता. सहा लिटर म्हशीचं दूध आटवून बासुंदी केली. पाहुणे जेवून गेले, पातेल्यात तांब्याभर उरली. फ्रीजमध्ये पातेलं मावेना, म्हणून रात्रभर ओट्यावर झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी वास घेतला, जिभेला लावून बघितली. काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. "साखर घातलेली आहे, शिवाय आणखी एक उकळी देते," असं म्हणून मीच वाढली. तीन-चार तासांत तिघांना उलट्या आणि पोटात कळा.

माझ्या त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. बहुतेक घरांत त्याच होतात.

पहिली साखरेची. दुकानात मिळणारा गोड कंडेन्स्ड मिल्कचा डबा महिनोन्‌महिने टिकतो, तो साखरेच्या जोरावर. शंभर भागांत चाळीस-पंचेचाळीस भाग साखर आणि पाणी जेमतेम पाव हिस्सा. एवढ्या साखरेत जंतूंना वाढायला लागणारं पाणी मोकळं राहतच नाही. लोणच्यात मीठ जे काम करतं, तेच इथं साखर करते. बासुंदीत साखर शंभरात दहा-पंधरा भाग, पाणी निम्म्याहून जास्त. ती जिभेला गोड लागते, पण जंतूंना अडवत नाही. खव्यात तर साखर नसतेच. तेव्हा डबा टिकतो म्हणून घरचं आटीव दूधही टिकेल, हा हिशेब चुकीचा.

दुसरी चूक उकळीची. हाताला जखम किंवा गळू असलेल्या माणसानं धार काढली, दूध ढवळलं, किंवा दगडी झालेल्या सडाचं दूध त्यात मिसळलं, तर एका जातीचे जंतू दुधात शिरतात. उबेला ते वाढतात आणि विष सोडतात. उकळीनं जंतू मरतात, विष मात्र तसंच राहतं. त्याला ना वास, ना चव. म्हणून नाकावर आणि जिभेवर भरवसा ठेवू नका, घड्याळावर ठेवा. आटीव दूध, बासुंदी, खवा उघड्या उबेत दोन-तीन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. थंड करायचं तर पसरट भांड्यात ओतून, ते भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून हलवत राहा. मग लगेच फ्रीजमध्ये. बासुंदी तिथंही दोन-तीन दिवसांतच संपवावी. भांडं पितळी असेल तर कल्हई शाबूत आहे ना, ते आधी बघा. स्टीलचं असेल तर प्रश्नच नाही.

आता डब्याकडं येऊ. बंद डबा कोरड्या, थंड जागी ठेवावा. चुलीशेजारची फळी नको. आणि ज्या माळ्यावर फवारणीची औषधं ठेवता, तिथं तर खाण्याची कुठलीच वस्तू नको. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी सांगावं लागतं. विकत घेताना तारीख बघा, डबा हातात फिरवून बघा. झाकण किंवा बूड फुगलेलं, सांध्यावर चेपलेलं, गंजलेलं, चिकट ओघळ आलेला, असा डबा दुकानदारानं निम्म्या किमतीत दिला तरी घेऊ नका. फुगलेला डबा म्हणजे आत वायू धरलाय. तो उघडून चव बघण्याच्या फंदात पडू नये. महापुराच्या पाण्यात बुडालेला डबाही माझ्या मते टाकावाच. वरून धड दिसला तरी झाकणाच्या खाचेत घाण पाणी बसतं आणि कापताना तेच आत जातं.

उघडल्यावर उरलेलं दूध पत्र्यात ठेवू नका. कोरड्या काचेच्या बरणीत काढा, घट्ट झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. चमचा कोरडाच हवा. ओल्या चमच्यानं वर पाण्याचा पातळ थर येतो, तिथली साखर फिकी पडते आणि बुरशीला जागा मिळते. बुरशीची एक टिकली दिसली तरी सगळी बरणी टाका. वरचं काढून खालचं खाऊ नका. आंबूस किंवा दारूसारखा वास, बुडबुडे, फेस, कडवट चव, दह्यासारख्या गुठळ्या, ही बिघडल्याची लक्षणं. मात्र दातांखाली बारीक रवाळ लागलं तर घाबरू नका, ती दुधातली साखर गोठलेली असते. जुन्या डब्यातलं दूध दाट आणि बदामी होतं. तारीख उलटलेली नसेल आणि वास चांगला असेल तर तेवढ्यावरून ते फेकायचं कारण नाही. बिनसाखरेच्या आटीव दुधाचाही डबा मिळतो. तो उघडला की साध्या दुधासारखाच समजावा, दोन-तीन दिवसांचा पाहुणा.

यावर कुणी म्हणेल, बाई, आमच्या घरी डबा कुठला, आमच्याकडं दूधच उरतंय त्याचं बोला. खरं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला, रस्ते बंद झाले, गाड्या थांबल्या. म्हैस काही धार द्यायची थांबत नाही. अशा वेळी बायका मोठमोठी पातेली आटवायला ठेवतात. पण वीज नसेल तर आटवलेलं ठेवणार कुठं? उन्हाळ्यात खवा एक-दोन दिवसांत आंबतो, पावसाळी दमट हवेत त्याला बुरशी धरते. माझा सल्ला असा, की घरात खपेल तेवढंच आटवा. बाकीच्याला विरजण लावा, लोणी काढा, तूप कढवा. दहा लिटर म्हशीच्या दुधाचं अर्धा किलोच्या आसपास तूप होतं, आणि पाणी पुरतं कढलेलं तूप स्वच्छ, कोरड्या बरणीत फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने राहतं. ताक घरात आणि वासरांना. जाता जाता एक सांगते. आटत्या दुधात आपला कोल्हापुरी गूळ टाकू नका. गूळ आंबटसर असतो, उकळतं दूध फाटतं. साखरच वापरा.

उरलेलं एकच, पण सगळ्यात जपायचं. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी घालून तान्ह्या बाळाला पाजू नका. ते बाळाचं दूध नव्हे. साखर भरमसाट आणि बाळाला लागणारं बाकीचं अपुरं. आईचं दूध कमी पडतंय असं वाटलं तर दुकानात न जाता आरोग्य केंद्रात जा.

आणि कुणाला उलट्या-जुलाब सुरू झालेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहा. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, उलटी थांबत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा. जे खाल्लं त्यातलं थोडं झाकून बरोबर न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. आमच्या घरी मी ते पातेलं लाजेनं आधीच घासून टाकलं होतं.