गोट्यावर नाव नाही, पण गोटा आपला आहे
(इलाक्याच्या बैठकीत झालेलं बोलणं)



आमच्या गावाच्या वाटेवर मोहाखाली गोटे उभे आहेत. तुमच्याही गावाला असतील. माणूस गेला की त्याच्या नावानं उभा केलेला गोटा. त्यावर ना अक्षर, ना तारीख.

आमचा वनहक्क दावा परत आला. शेरा होता, जुना पुरावा नाही. आम्ही घरी बसून विचार केला, जुनं काय उरलं? घर तीनदा पडलं, तीनदा बांधलं. आज्याच्या काळची दंडाची पावती वाळवीनं खाल्ली. उरला गोटा. तो कोणाचा, तर बाप म्हणे, "आपल्या बुढ्याचा." कोणता बुढा, ते त्याला सांगता येईना.

सांगितलं आज्याच्या बहिणीनं. ती लग्न होऊन नदीपलीकडच्या गावात गेलेली. गोटा आणला तेव्हा ती पोर होती. कोणत्या नाल्यातून आणला, किती जणांनी उचलला, कोणता सोयरा त्या दिवशी भांडून गेला, सगळं तिला आठवत होतं. तो तिचा आजा. तिनं नाव सांगितलं.

नाव मिळालं म्हणून कागद मिळाला. जुन्या कोतवाल बुकात जन्म-मरणाच्या नोंदी असतात. तिथं त्या बुढ्याचं मरण लिहिलेलं निघालं, गावाच्या नावासकट. नाव वेडंवाकडं लिहिलं होतं, पण बापाचं नाव जुळलं. ध्यानात ठेवा, गडचिरोली जिल्हा 1982 साली झाला. त्याआधी आपण चांदा जिल्ह्यात होतो. इथं नक्कल मिळाली नाही तर तिकडं विचारा.

वनहक्काच्या नियम 13 मध्ये विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा हे पुरावे लिहिलेले आहेत. वंशावळ आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही आहे. एकच पुरावा पुरत नाही, एकाहून जास्त लागतात. अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समितीला धरता येत नाही. आणि 75 वर्षांची अट आदिवासींना नाहीच. आपला ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. तरी कोणी 75 वर्षं म्हणालं तर नियम दाखवा म्हणावं.

एक आमची चूक सांगतो. वंशावळ काढली तेव्हा नुसते बाप-लेक लिहिले. जिनं नाव सांगितलं तीच त्यात नव्हती! मग दुसरा कागद घेतला. पट्टा तर नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, मग वंशावळीत बाया का नको?

तिचा जबाब झाला, अंगठा झाला. मागच्या पावसाळ्यात ती गेली. बाजूच्या चार गोट्यांची नावं आम्ही तिला विचारलीच नाहीत.

दावा पुन्हा टाकला आहे, अजून वर पडून आहे.

गोटा हलवू नका, रंगवू नका. आणि पुराव्यासाठी नवा गोटा कोणी उभा करू नये. एक खोटा निघाला तर सगळ्यांचे खोटे ठरतील. पुढच्या बैठकीला येताना गावातल्या गोट्यांची यादी आणा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या म्हाताऱ्या बायांना आधी विचारून या.