राग येतो कुठून?

(वडगाव मावळ येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



‘बायकांची जात भावनाप्रधान’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. तेव्हा भावना निर्माण कशी होते, याबद्दल मानसशास्त्र काय म्हणतं ते पाहू.

१८८४ साली विल्यम जेम्स म्हणाला, घाबरलो म्हणून आपण थरथरत नाही. शरीर थरथरतं, त्याची जाणीव म्हणजेच भीती. १९२७ मध्ये वॉल्टर कॅननने हरकत घेतली : छाती रागात धडधडते, भीतीत धडधडते, तापातही धडधडते, मग निव्वळ शरीरावरून भावना ठरेल कशी? १९६० मध्ये माग्दा अरनॉल्ड यांनी मधला दुवा दाखवला. समोरची गोष्ट आपल्या भल्याची की धोक्याची, हे मन क्षणात जोखतं. त्यातून भावना उठते.

अल्बर्ट एलिसची उपचारपद्धती याच वाटेवरची. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, असं तो सांगे. महाराष्ट्रात ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने कि. मो. फडके यांनी ती रुजवली. ‘नवऱ्याने टाकलं, म्हणजे मी कवडीमोल’ ही समजूत तपासायला ती खरंच उपयोगी आहे.

पण मार खाणाऱ्या बाईला कुणी ‘विचार बदल, त्रास होणार नाही’ म्हणालं, तर मी तिथे थांबवते. तिची भीती चुकीच्या समजुतीतून आलेली नाही. तिने धोका बरोबर जोखलाय. एलिसनेही भावना मारून टाका असं सांगितलं नव्हतं. हातपाय गाळायला लावणारी भीती वेगळी आणि सावध करणारी काळजी वेगळी, हा फरक त्याने केला होता.

आणि जोखायला शिकवतं कोण? आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात हवाई सुंदरींबद्दल लिहिलं : हसू हा त्यांच्या पगारी कामाचाच भाग. काय वाटून घ्यावं, याचेही समाजात नियम असतात. घरात सासऱ्याचा राग ‘करारीपणा’, सुनेचा राग ‘आगाऊपणा’. सुनेला हसण्याचा पगारही नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात भावनिक छळही हिंसाच मानला आहे. पण अर्जात नुसतं ‘मानसिक त्रास होतो’ एवढं लिहून भागत नाही. म्हणून बाई आली की चार गोष्टी विचारा : काय घडलं? अंगात काय झालं? त्याचा अर्थ तुला काय वाटला? आता तुला काय हवंय? उत्तरं तिच्याच शब्दांत उतरवा. ‘शांत हो’ म्हणायची घाई करू नका. तिच्या रागाला काही सांगायचंय. आधी ते ऐकू या.