टाके निघाल्यावर

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून दमलेली मराठवाड्यातल्या किल्लारी, सास्तूरची माणसे गाढ झोपेत होती. भूकंप झाला, आणि दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड माती त्यांच्या अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यांची आठवण दर वर्षी निघते, निघायलाच हवी. पण ढिगाऱ्यातून जिवंत निघालेले जखमीही हजारोंनी होते. दवाखान्यात त्यांची हाडे बसवली, टाके निघाले, आणि खरी कसोटी लागली ती परतल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये.

मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना आणि हालचाल गेली, की माणसाला बहुधा स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी ती कुणीतरी बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. हयगय झाली तर माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग फुटते. ती जखम महिनोन्महिने भरत नाही. हे सारे बहुधा घरातली बाईच करते. तिचा बुडालेला रोज कोणी धरत नाही.

आता असे जखमी रस्त्यावरच्या अपघातांतून येतात. दुचाकीवरून पडलेल्या तरुणाच्या मांडीत रॉड बसतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत मराठवाड्यातले नांदेड होते. शस्त्रक्रियेचा मोठा भार त्यामुळे हलका झाला. पुढचे मात्र ज्याचे त्याने बघायचे. हाड जुळायला तीन-चार महिने लागतात, तोवर गुडघा आखडतो. टाच अंथरुणावरून घसरवत मागे ओढायची, गुडघा जमेल तेवढा वाकवून धरायचा, सावकाश आकडे मोजायचे, सोडायचे. व्यायाम एवढा साधा! पण तो शिकवणारा फिजिओथेरपिस्ट खेड्यात नसतो, आणि शहरात जायचे तर सोबतच्या माणसाचाही रोज जातो. मग व्यायाम सुटतो. न वाकणाऱ्या गुडघ्याने उकिडवे बसून सोयाबीन काढता येत नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर पायाची टक्केवारी येते, सोयाबीन येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हा फरक स्पष्ट केला: अवयवाची टक्केवारी म्हणजे कमाईचे नुकसान नव्हे. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ सगळी बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून अपघात भरपाईचा दावा लावताना दवाखान्याच्या कागदांबरोबर जखमी माणूस कोणते काम करत होता, ते वाकून, बसून की उभ्याने, याचा पुरावाही वकिलाच्या हाती द्यावा.