सायकल चालेल, पण मुक्काम?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला आमच्या सायकल सहलीबद्दल बोलायला सांगितलं आहे. आधीच सांगते, आम्ही काही पराक्रम केलेला नाही. आम्ही चौदाजणी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला गेलो. २०२० साली सुरू झालेल्या या बोटीत सायकली चढवता येतात. मांडव्याहून झिराड, चोंढी, अलिबाग करत नागावला पोचलो, रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. जाताना तीसेक किलोमीटर, येताना तेवढेच. पण आमच्यातल्या सहाजणी दोन महिन्यांपूर्वी सायकलवर बसलेल्याही नव्हत्या. आणि लग्न, बाळंतपण, देवदर्शन किंवा शिबिर यांशिवाय, केवळ स्वतःच्या आनंदासाठी, एकीनेही घराबाहेर रात्र काढली नव्हती.

शिकवणी आठ रविवार चालली. मोठ्या बाईला मागून धरून पळवता येत नाही. म्हणून सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि पेडल काढून टाकली. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे तेव्हा कळलं.) पायाने जमीन रेटत पुढे जायचं, तोल सापडला की पेडल परत लावायची. सायकली मागून आणल्या. खर्चाचा वाटा जिच्या-तिच्या ऐपतीप्रमाणे ठरवला, कुणी किती दिले हे फक्त खजिनदारणीला ठाऊक.

सायकल शिकायला घरून फारसा विरोध झाला नाही. विरोध झाला तो मुक्कामाला. "सायकल चालेल, पण मुक्काम कशाला?" हे नवरा म्हणाला, सासू म्हणाली, एकीचा एकोणीस वर्षांचा मुलगाही म्हणाला. दिवसा कुठेही गेलेली बाई संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत येते. मुक्कामाला गेली की रात्रीची चूल आणि सकाळचे डबे दुसऱ्या कुणाला तरी बघावे लागतात. काळजीच्या नावाखाली बरंचसं भांडण याचंच होतं.

आम्ही दोघी-दोघी घरी जाऊन बोलायचं ठरवलं, तेव्हा गटात वाद झाला. तरुण मुली म्हणाल्या, आपण परवानगी मागायला का जायचं? मोठ्या म्हणाल्या, सोमवारी तिला त्याच घरात राहायचंय. शेवटी ठरलं, परवानगी मागायची नाही, माहिती द्यायची. "ती येणार आहे. हा पत्ता, हा फोन." बहुतेक घरी एवढ्याने भागलं.

मग जागेचा प्रश्न. फोन केला की पहिला सवाल, "बरोबर जेन्ट्स कोण?" आमच्यात एक ट्रान्स मैत्रीण होती. तिच्या ओळखपत्रावर अजून जुनं नाव आहे. जागेवाल्यांना काय सांगायचं, हे आम्ही आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आधीच सांगा. दारात उभं राहून ऐकायची माझी तयारी नाही." एका ठिकाणी हे ऐकून नकार आला. आम्ही ठरवलं, राहू तर सगळ्या एकत्र. अखेर नागावात एका बाईंनी आपली पडवी आणि मागची खोली दिली.

सामानाचं थोडं सांगते, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. पाठीवर काही घ्यायचं नाही. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅरियरला बांधायचं, जड वस्तू खाली. ओढणी नको, चाकात अडकते. पंक्चरचं सामान, पंप, पाणी, चिक्की आणि पॅड गटाच्या पिशवीत. दर पाच किलोमीटरवर थांबायचं, अंधारापूर्वी पोचायचं, आणि सगळ्यांच्या मागे एक अनुभवी बाई ठेवायची.

एवढं ठरवूनही आम्ही चुकलो. चोंढीनंतर आम्ही चार सराईत पुढे निघून गेलो. मीही त्यात होते. अलिबागला वडापाव खात चाळीस मिनिटं वाट पाहिली. मागे आमच्या मावशींची चेन निघाली होती. त्या घरकाम करतात, वय चोपन्न. रस्त्याच्या कडेला बसून त्या मागच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "मी एसटीने जाते. माझ्यापायी तुमची मजा नको जायला."

रात्री पडवीत हे निघालं, तेव्हा आम्ही गप्प झालो. मावशी बैठकीतही हेच म्हणतात. "तुम्ही ठरवा, मी मागून येते." आणि आम्ही ठरवत आलो आहोत.

दुसऱ्या दिवशी मावशी पहिल्या होत्या. त्यांच्यापुढे कुणी जायचं नाही. एक तास जास्त लागला. बोट मिळाली. धक्क्यावर मावशी म्हणाल्या, "पुढं असलं की दम कमी लागतो."

सायकल ही शहरी बायकांची हौस, असं कुणाला वाटत असेल, तर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण देते. १९९१ साली तिथल्या साक्षरता मोहिमेत, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांच्या पुढाकाराने, सायकल शिकवणं सामील झालं. शेतमजूर, खाणमजूर, खेड्यातल्या नर्सबाई शिकल्या. सत्तर हजारांहून जास्त बायकांनी जाहीर कार्यक्रमांत सायकल चालवून दाखवली, असं पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय. पुरुषांचे टोमणे त्यांनीही ऐकले. पण बसची वाट पाहणं संपलं, पाणी आणणं, माल बाजारात नेणं सोपं झालं, आणि कामानंतर थोडा वेळ स्वतःला उरला.

शेवटी एक सांगायचं राहिलं. आम्ही चौदा नव्हतो, पंधरा होतो. पंधरावी आठही रविवार आली होती. तिच्या घरीही आम्ही गेलो होतो, नवऱ्याने चहा पाजला, हो म्हटलं. निघायच्या पहाटे तिची सायकल साखळीने बांधलेली होती आणि किल्ली सापडत नव्हती. तिने फोन केला, "तुम्ही निघा." आणि बोटीची वेळ झाली म्हणून आम्ही निघालो. एकीनेही तिच्या घरी जायला हवं होतं, असं आज वाटतं. आता दर रविवारी दोघी तिच्याकडे जातात.

पुढची सहल दिवाळीनंतर आहे. सायकल येत नसेल तरी या. घरून मुक्कामाला नकार असेल, तर आधी या. आपण बोलू.