नाकारलेला हक्क आणि आपले कर्तव्य
(नारपोली येथे ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज एका चुकीची कबुली देऊन बोलण्यास आरंभ करतो. माझा एक विद्यार्थी धडधाकट देहाने फौजेत गेला आणि बहिरे कान घेऊन नारपोलीस परतला. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा त्याचा अर्ज 'व्याधी सेवेमुळे झालेली नाही' अशा शेऱ्यासह नामंजूर झाला. ते पत्र त्याने मजकडेच वाचावयास आणले. "सरकारचा निर्णय झाला, आता उपाय नाही," असे मी सांगितले. मास्तरांचा शब्द प्रमाण मानून त्याने पत्र पेटीत ठेविले. तोफांच्या सरावानंतर कान दुखावल्याची लष्करी रुग्णालयाची चिठ्ठी त्याच पेटीत होती. ती पाहण्याचे मला सुचले नाही.

उपाय होता. तरसेम सिंग हे 1983 साली वैद्यकीय कारणाने सैन्यातून मुक्त झाले व 1999 साली न्यायालयात गेले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने विलंबामुळे त्यांचा हक्क बुडू दिला नाही. थकबाकी मात्र तीन वर्षांपुरतीच मान्य केली. म्हणजे विलंबाने हक्क मेला नाही, पण पैसा गेला!

दुसरा निवाडा धरमवीर सिंग यांचा, 2013 सालचा. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर ती सेवेमुळेच उद्भवली असे गृहीत धरावे, व तसे नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, असे त्यात ठरले. वैद्यकीय मंडळाने कारणे नमूद न करता नकार दिला असेल, तर हा निवाडा मोठाच आधार होय.

म्हणून प्रथम कागद जमवावे : भरतीच्या वेळची तपासणी, रुग्णालयाच्या नोंदी, सेवामुक्तीच्या वेळचा वैद्यकीय मंडळाचा अहवाल. जवळ नसल्यास 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये नकला मागाव्या. नवा पुरावा जोडून प्रथम सैन्याकडेच अपील करावे. तेथे न्याय न मिळाल्यास 2007 च्या कायद्याने निर्माण झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे. मुदत टळली असल्यास विलंबाचे कारण लिहून तो माफ करण्याची विनंती करावी. मार्गदर्शनास ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

माझ्या विद्यार्थ्याचा अर्ज, त्या चिठ्ठीसह, आम्ही नुकताच पुन्हा धाडला आहे. निकाल काय लागेल, ते सांगता येत नाही. परंतु ज्ञातीतील प्रत्येक शिकलेल्या माणसास माझी विनंती आहे : कोणी जवान असे पत्र घेऊन आला, तर "उपाय नाही" म्हणण्यापूर्वी त्याची पेटी उघडून पाहा.