साहसाच्या वाटेवर अपंग बांधव
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, अशी रीत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो यथोचित केला आहे. मी एक शाळामास्तर. मला एका चुकीविषयी बोलावयाचे आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही मुलांची सहल कन्हानच्या काठी नेली होती. पाणी गुडघाभर. वर्गात एक मुलगा होता, पोलिओने त्याचा उजवा पाय अधू झालेला. सारी मुले पाण्याकडे धावली तेव्हा मी त्याला म्हणालो, "तू येथेच बस, सगळ्यांच्या चपला आणि डबे सांभाळ." तो म्हणाला, "सर, पोहाले त हातच लागतेत ना?" मी हसलो, त्याची पाठ थोपटली आणि निघून गेलो. त्याला उत्तर दिले नाही. उत्तर मला येतच नव्हते, हे खरे.

ते पुष्कळ आधी देऊन झाले होते. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचारांत पोहण्याची गोडी लागली आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मात्र २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी मिळाली! तेव्हा उशिरा जागा होणारा मी एकटाच नाही.

ते झाले तलावातील पोहणे. समुद्राचे काय? आपल्याच मध्यप्रदेशातील भिंड जिल्ह्याचे सत्येंद्रसिंह लोहिया यांचे दोन्ही पाय अधू आहेत. महाराष्ट्राचे चेतन राऊत, बंगालचे रिमो साहा आणि राजस्थानचे जगदीशचंद्र तेली या अपंग साथीदारांसह त्यांनी जून २०१८ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. वेळ लागला बारा तास सव्वीस मिनिटे. अशा पोहण्यात प्रत्येकाने एकेक तास पाण्यात राहावयाचे, ठरलेला क्रम मोडावयाचा नाही, आणि पाळी चालू असता सोबतच्या नावेला हात लावावयाचा नाही. अपंग म्हणून नियमात सूट नाही. लोहियांना पुढे २०१९ चा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार लाभला.

आता त्या नावेकडे जरा लक्ष द्या. खाडी पोहणारा धडधाकट असो की अपंग, नाव सोबत असतेच. कळसूबाई महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तेथे अवघड जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत. त्या शिड्या चढून गेलेला धट्टाकट्टा गृहस्थ 'मला सवलत मिळाली' असे कधी म्हणतो काय? एव्हरेस्टवर दोर, शेर्पा आणि प्राणवायूची नळकांडी लागतात, आणि तरीही आपण त्याला पराक्रमच म्हणतो. अरुणिमा सिन्हा २०१३ साली कृत्रिम पाय लावून तेथे पोचल्या, तेव्हा या सामग्रीत एका पायाची भर पडली, एवढेच. प्रत्येकाच्या साहसाला काही ना काही तजवीज लागतेच. धडधाकटांची तजवीज आपण न मागता करतो आणि अपंगाने मागितली की तिला दया म्हणतो.

साहस म्हणजे काय, हे पांढुर्ण्याला शिकवावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत गोटमार होते, त्यात जखमी होणाऱ्यांची गणती नाही. धाडसापायी मनुष्य अपंग झाला तर ते आम्हांस समजते. अपंगाने धाडस करावे म्हटले की आम्ही घाबरतो. त्याला सांभाळून ठेवणे यालाच आम्ही माया समजतो.

'अपंग' म्हणावे की 'दिव्यांग', यावर आमच्या शिक्षकांच्या बैठकीत एकदा पाऊण तास वाद झाला. मुलांना त्याचे सुतक नसते. आम्हांला बरोबर नेणार काय, इतकेच ती विचारतात. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातांऐवजी एकवीस प्रकार मानले आणि खेळाच्या सोयी त्यांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, हे खरे. परंतु मळणीयंत्रात हात जाणे आणि मोटारसायकलचे अपघात थांबले आहेत थोडेच?

लागते फार थोडे. हौदाला कठडा असलेल्या रुंद पायऱ्या, छातीइतके पाणी, अंगावर तरंगते जाकीट आणि प्रत्येक मुलामागे एक जाणता सोबती. आंधळ्या मुलाला टेकडीवर पुढच्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून चढता येते. जोडसायकलवर मागे बसून त्याला पायडल मारता येते. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. ज्याच्या पायांत संवेदना नाही, त्याला खरचटलेले कळत नाही. म्हणून खेळ संपल्यावर त्याचे पाय डोळ्यांनी तपासावेत. आणि शिक्षकाशिवाय, विशेषतः पावसाळ्यात, कोणालाही नदीत उतरू देऊ नये. आईबापांची भीती खोटी नसते.

आपल्या संस्थेने तीनचाकी सायकली वाटल्या, हे मोठेच काम झाले. त्या सायकलीने मुलगा शाळेच्या फाटकापर्यंत पोचतो. फाटकाच्या आत खेळाच्या तासाला तो अजून झाडाखालीच बसलेला असतो.

तो चपला राखणारा मुलगा आज सौंसरला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवितो. मागील महिन्यात मी त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितली आणि पोहणे शिकणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घालू काय, असे विचारले. "घाला ना सर," तो म्हणाला, "पण या खेपेस चपला तुमीच पाहा."

त्या यादीत आज सात नावे आहेत. पाच पांढुर्ण्याची, दोन सौंसरची. नागपूरच्या तरणतलावावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल. गाडीभाडे आणि शिक्षकाचे मानधन यांची सोय संस्थेने करावी, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे. यादी मी चिटणिसांच्या हाती देऊन ठेवली आहे.